शंभरातले अकरा

लॅबमधलं यंत्र बिघडायच्या आधी ते चालवणाऱ्या काकांना कळतं, असं काका स्वतःच सांगत. मिश्रणातून एकेक पदार्थ वेगळा काढणाऱ्या त्या यंत्रावर बावीस वर्षं घासलेली!

"तू निर्धास्त राहा गं," ते संशोधक मुलीला म्हणाले.

निर्धास्त कसली! तिचा जीव टांगणीला लागलेला. चार महिने खपून तिनं जेमतेम दोनशे मिलिग्रॅम पदार्थ काढला होता. तो शुद्ध होऊन परवा तपासणीला गेला नाही, तर पदवी सहा महिने पुढं! काकांनी निम्मा यंत्रात सोडला. पदार्थ बाहेर येतोय हे दाखवणारं झकास शिखर पडद्यावर उमटलं, परीक्षानळ्या भराभर भरल्या. वाळवून वजन केलं, तर शंभरातले अकरा!

"काका, बाकीचा गेला कुठं?" मुलगी रडकुंडीला आली.

"कॉलमनं गिळला! हावरट आहे मेला." काकांनी कॉलम, म्हणजे पदार्थ वेगळे करणारी यंत्रातली जाड नळी, धुतला. काही निघालं नाही. मग गळती! प्रत्येक जोडाला टिशूपेपर लावून पाहिला. कोरडा ठणठणीत. मग काका तिच्याकडंच वळले. "तुझा वजनकाटा..."

"तो तुम्हीच लावून दिलात!"

काकांनी काट्यावरची नसलेली धूळ पुसली. मग म्हणाले, "उरलेला निम्मा सोडू."

"मुळीच नाही! आधी नुसता रंग सोडू. जातो कुठं ते दिसेल तरी."

लाल रंग सोडला. पडद्यावर शिखर चढलं, उतरलं. परीक्षानळ्यांत मात्र स्वच्छ पाणी! शेवटच्या नळीत तेवढी गुलाबी झाक. रंग अजून पाइपातून रमतगमत येत होता. काल पाठ दुखते म्हणून काकांनी नळ्या भरणारा भाग आपल्या खुर्चीजवळ ओढला होता आणि वीतभर पाइपाच्या जागी चांगला दोन हात पाइप जोडला होता. यंत्राला ते सांगायचं राहिलं! ते बिचारं जुन्याच वेळेला नळ्या भरून मोकळं झालं, आणि उशिरा आलेला रंग सरळ वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ पाण्याच्या, बाटलीत गेला.

"म्हणजे माझा पदार्थही!" मुलगी टेबलाखाली घुसली. नशीब, सकाळची भरलेली बाटली अजून तिथंच होती. तिनं ती पोटाशी धरली आणि हसतारडता म्हणाली, "हे आटवलं की मिळेल, काका! मिळेल!"

तेवढ्यात लॅबप्रमुख मॅडम आत आल्या. "हा एवढा लांब पाइप कुणी लावला?"

"माहीत नाही, मॅडम," मुलगी पटकन म्हणाली.

काकांनी घसा खाकरला. कान लालबुंद झाले होते. "मी लावला, मॅडम," ते म्हणाले. "पण बसवलाय बघा कसा! एक थेंब गळत नाही!"