मुंजाजीकाकांची पोच

आमच्या शेजारच्या मुंजाजीकाकांना वाटीभर भाजी नेऊन दिली की ते पावती देतात. चेष्टा नाही. कॅलेंडरच्या जुन्या पानाची चिठ्ठी आणि खाली सही: 'शेपूची भाजी, वाटी एक, मिळाली. मीठ कमी.' बरं, स्वतः पावती देऊन गप्प बसतील तर शपथ. त्यांनी दोन सीताफळं पाठवली की आईनेही लेखी पोच द्यायची. आई वैतागायची. "स्वैपाक करू का ह्यांच्या पावत्या लिहीत बसू?" म्हणायची, आणि पिठाच्या हाताने सही करून द्यायची. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात, म्हणून कोणी त्यांना मोडता घालत नाही.

काका पूर्णा जंक्शनला पार्सल ऑफिसात क्लार्क होते. पेट्या, पोती, आंब्याच्या करंड्या यांच्यावर लेबलं लावण्यात नोकरी गेली. रिटायर झाले, पण ऑफिस डोक्यातून निघालं नाही. जगातल्या कुठल्याही गोष्टीला त्यांचा एकच सवाल: "रवाना झालं ते कळलं. पोच हाय का?"

मी नांदेडला इंजिनिअरिंगला होते तेव्हा एकदा पोचल्यावर घरी फोन करायचा विसरले. काकांनी थेट होस्टेलच्या रेक्टर मॅडमना फोन लावला. "हॅलो, पूर्ण्याहून सकाळच्या गाडीनं नग एक रवाना केलेला हाय. मुलगी. निळा ड्रेस, संगं लोणच्याची बरणी. अजून पोच न्हाई." झालं! शिक्षण संपेपर्यंत होस्टेलात माझं नाव 'नग' होतं. मला काकांचा असा राग यायचा की विचारू नका. आणि आज परदेशातल्या ज्या कॉलेजात बसून मी हे लिहिते आहे, तिथे मी या माणसामुळे आहे. त्यांचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं. मला एम.एस.साठी बाहेर जायचं होतं. त्याला एक परीक्षा द्यावी लागते आणि तिचे मार्क आपण नेऊन दाखवायचे नसतात, परीक्षा घेणारेच ते परस्पर कॉलेजला पाठवतात. मला हवं होतं ते एकच कॉलेज, शिष्यवृत्ती देणारं. तिची आशा नसती तर आमच्या घरातून कोणी पासपोर्टसुद्धा काढला नसता. परीक्षा झाली, मार्क छान पडले, मी कॉलेज निवडून बटण दाबलं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं: पाठवले. माझे वडील, आमचे अण्णा, चुडाव्याच्या शाळेत गुरुजी. त्यांनी त्याच दिवशी गल्लीत पेढे वाटले.

काकांनी पेढ्याची पावती दिली आणि विचारलं, "पोच?"

"अहो काका, सगळं ऑनलाइन असतं. गेले म्हणजे गेले."

"गेले म्हंजे गेलेच. मी पोचल्याचं इचारायलो."

महिना झाला. कॉलेजच्या साइटवर माझ्या अर्जासमोर तीच ती ओळ: मार्कांची प्रतीक्षा. मैत्रिणी म्हणाल्या, लागतो गं वेळ. काका रोज सकाळी कंपाउंडवरून मान काढून, "आली?" मी रोज दार आपटायची. शेवटच्या तारखेला आठ दिवस राहिले तशी माझी पाचावर धारण बसली आणि मुकाट्याने लॅपटॉप घेऊन मीच त्यांच्याकडे गेले.

काकांनी चष्मा पुसला. "पाठवणारा म्हणतो गेला, घेणारा म्हणतो आला न्हाई. म्हंजे माल तिथंच पडून हाय, बेवारस. लेबल दाखीव."

"काका, मार्कांना कसलं आलंय लेबल?"

"अगं बाई, नाव कसं लिवलंस ते दाखीव!"

परीक्षेचा फॉर्म मी पासपोर्ट बघून भरला होता. तो बरोबर होता. कॉलेजचा मात्र दहावीची सनद समोर ठेवून भरलेला. आपल्याकडे सनदेवर आडनाव आधी: ढगे वैशाली माधव. मीही ओळीने तसंच लिहीत गेले. पहिल्या चौकटीत ढगे, मधल्या चौकटीत वैशाली, शेवटच्या चौकटीत अण्णांचं नाव, माधव. आणि तिकडे शेवटचं नाव म्हणजे आडनाव! मार्क येऊन पडले होते वैशाली ढगेचे, आणि अर्ज होता कुण्या मिस माधवचा. दोघी एकाच ऑफिसात एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या.

"इतकी वर्षं गुरुजी म्हणून घेतलं," माझ्या मागोमाग आलेले अण्णा म्हणाले, "आता मिस झालो."

काकांनी तिथल्या तिथे पत्र सांगायला घेतलं. 'विषय: माल पोचूनही ताब्यात न मिळाल्याबाबत.' मी ते जरा माणसात आणून इंग्रजीत लिहिलं, पासपोर्ट आणि सनद जोडली. "खाली लिही, कृपया पोच द्यावी." तेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: मार्क सापडले, अर्जाला जोडले, नाव दुरुस्त केलं. पुढे प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट.

प्रवेशाचं पत्र आलं तशी मी धावत काकांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं, मग खाटेवर बसले आणि रुमाल तोंडाला लावला. मी घाबरलेच.

"आमच्या कुसुमचा फॉर्म मीच टाकला व्हता," ते म्हणाले. कुसुमताई त्यांची एकुलती एक मुलगी, चारठाण्याला दिलेली. "बारावीला लय चांगले मार्क व्हते तिला. नर्सिंगला जायचं म्हणली. दिवसभर लोकायला सांगायचो, पोच घ्या म्हणून. आन् लेकीचा फॉर्म घाईघाईत साध्या टपालानं टाकला. लिस्टीत नाव आलं न्हाई. मला वाटलं मार्क कमी पडले. इचारलं सुदिक न्हाई. लगीन लावून दिलं, मग कळलं, फॉर्म पोचलाच नव्हता."

"ताई काही बोलली?"

"न्हाई. ती म्हणती, बाबा, मला नर्स व्हायचंच नव्हतं."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

निघायच्या आधी मी कुसुमताईला फोन केला. तुझ्या बाबांमुळे चालले म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला. मी म्हटलं, "ताई, काका अजून त्या फॉर्मचं मनाला लावून घेतात गं. तुला नर्स व्हायचंच नव्हतं, हे त्यांना नीट समजावून सांग ना एकदा."

"सांगते की. दर दिवाळीला सांगते." मग तिने आवाज खाली आणला. "खोटं सांगते गं मी. पण तू बी तेच सांग. त्यांना बरं वाटंल."

मी गेले आणि काकांना तेच सांगितलं.

"तुला बी तसंच सांगाया लावलं का तिनं," काका म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.