सोपानतात्यांचा क्लेम

आमच्या येडगावात सोपानतात्यांचं वय कुणालाच माहीत नाही, कारण तात्या कुठलाही आकडा तोंडानं बोलत नाहीत. वय विचारा, ते खांद्यावरचं उपरणं काढतात, तुमच्या हातावर टाकतात आणि त्याच्याखाली तुमची बोटं दाबून उत्तर देतात. ती भाषा येत असेल तर कळलं. नसेल तर बसा बोटं चोळत.

उभा जन्म त्यांनी बैलांची दलाली केली. बेल्ह्याच्या बैलबाजारात भाव असा उपरण्याखालीच ठरतो. चारचौघांत आकडा काढायचा नाही, बोटांनी काय ते ठरवायचं. बाजारापुरतं ठीक आहे हो, पण तात्यांनी बाजार घरी आणला. एसटीत कंडक्टरनं "किती तिकिटं?" विचारलं की हे उपरणं काढणार. नातीनं पाढा विचारला की "हात दे." सून संगीता जेवायला वाढताना विचारायची, "तात्या, भाकरी किती?" इथं मात्र पंचाईत. सुनेचा हात कसा धरायचा? मग हे नुसती मान हलवणार आणि ती बिचारी अंदाजानं वाढणार. "उघड्यावर बोललेला आकडा नासतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुसरं तत्त्वज्ञान म्हणजे, "फुकटच्या बैलाला खोड असतीच."

मी त्यांचा शेजारी बाळू. माझ्याकडं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, मोटरसायकल आहे आणि नाही म्हणायची जीभ नाही. त्यामुळं तात्यांना कुठं जायचं झालं की माझी गाडी सुरू होते.

गेल्या साली तात्यांचं काहीतरी बिनसलं. बाजार सुटला, शर्यतीचा घाट सुटला. आमच्याकडं बैलगाडा शर्यत असली की तापानं फणफणलेला माणूसही अंथरुणातून उठतो, आणि हे घरात बसून! झोप उडाली, जेवण तुटलं. त्यांचा मुलगा दत्ता चाकणला कंपनीत आहे. त्यानं सगळ्या तपासण्या केल्या. शरीर ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, मनाच्या डॉक्टरला दाखवा. दत्ताला हायसं वाटलं, कारण त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईबाप बसतात आणि आता मनही बसतं म्हणे. विम्याच्या यादीत पुण्यातला एक मोठा दवाखाना होता. तिथं कार्ड दाखवलं की खिशातून छदामही जात नाही. तात्या एकदा जाऊन आले आणि ओट्यावर बसून निकाल दिला, "डॉक्टर गुणी हाये. पन त्याला खोंड आन् बैल यातला फरक म्हाईत न्हाई. त्याला मी काय सांगू, राव?"

शेवटी नारायणगावात समुपदेशन करणाऱ्या एक मॅडम सापडल्या. वयानं लहान, पण वडील गाडा पळवायचे, म्हणजे बाई बैलांच्या घरातली. तात्यांनी तिथंच मुक्काम ठोकला. फक्त एक अडचण होती. मॅडम विम्याच्या यादीत नव्हत्या. दत्तानं समजावलं, "तात्या, तिथं आधी आपण पैसे भरायचे. मग पावत्या पाठवायच्या. मग विमेवाले बघणार आणि पटलं तर देणार."

"म्हंजी इसार देऊन वाट बघायची. ह्यो तर आपलाच धंदा झाला की!" तात्या म्हणाले.

मग दर बुधवारी मी आणि तात्या नारायणगावला. मॅडमची फी पाटीवर लिहिलेली होती. तात्यांनी पाटीकडं असं बघितलं, जसं कुणी बैलाच्या शिंगाला किंमत लटकवलीय. आत जाऊन तास घालवून ते बाहेर यायचे, बाकावर माझ्याशेजारी बसायचे आणि उपरण्याखाली माझा हात धरून त्या दिवसाचा भाव सांगायचे. तो मी मॅडमना मोठ्यानं सांगायचा. मन हलकं झालं असेल तर पाटीपेक्षा जास्त. नसेल झालं तर कमी. "आज म्याडमच जास्त बोलल्या. काप थोडं." मॅडम आधी चिडल्या, मग हसल्या, मग मिळेल तेवढ्याची पावती फाडायला लागल्या. वर तात्यांचा हट्ट, "भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकती. तुमी घटकाभर वर टाका." त्या टाकायच्याही.

एकदा मॅडमनी मलाच आत बोलावलं. म्हणाल्या, "मी तात्यांना विचारलं, मनाला होणारा त्रास दहापैकी किती? ते म्हणतात, बाळूला बोलवा." मी हात पुढं केला. तात्यांनी उपरणं टाकलं. माझी पाची बोटं धरली, सोडली आणि पुन्हा पाची धरली. मग बराच वेळ सोडलीच नाहीत. मी म्हणालो, "दहा." मॅडमनी तो आकडा वहीत लिहून घेतला. परत येताना मी गाडीवर विचारलं, "तात्या, एवढा कशाचा त्रास?" तर म्हणाले, "तू म्होरं बघून चालव."

इकडं गावानं आपलं निदान कधीच करून टाकलं होतं. म्हातारा मेंदूच्या डॉक्टरकडं जातोय, म्हणजे सुनेनं छळलं. झालं! आमच्याकडं डॉक्टरला चार चाचण्या लागतात, पारावरच्या माणसाला एक चहा पुरतो. बातमी फिरत फिरत संगीतापर्यंत पोचली. तिनं बचतगटाच्या बैठकीला जाणं सोडलं. एक दिवस माझ्या दुकानात आली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "दादा, तुमी त्यांना घिऊन जाता. खरं सांगा, तात्या तिथं माझ्याबद्दल काय सांगतात का? मी त्यांना कधी शिळं वाढलं न्हाई हो." तिचे डोळे भरून आले होते. मला लई वाईट वाटलं. पण मी बाकावरचा माणूस, आतलं मला काय ठाऊक? तिला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं. आणि तात्यांना विचारायची तिची छाती नव्हती.

अशात दत्तानं पावत्या पाठवल्या. विमेवाल्यांनी बघितलं, डॉक्टर एकच, उपचार एकच आणि पावतीवरचा आकडा दर वेळी निराळा. त्यांना वास आला. त्यांनी चौकशीला माणूस धाडला.

पोरगेला होता, हेल्मेट काखेत, हातात टॅब. गल्लीत नवी गाडी थांबली की आमचं गाव ओट्यावर हजर. पाहुण्याला तात्यांनी खुर्ची दिली. "आजोबा, या पावत्यांमध्ये फरक का?"

"दूध बघून म्हशीची किंमत व्हती का न्हाई? तसंच हे," तात्या म्हणाले. "जवा मन हलकं झालं तवा जास्त दिलं."

सगळी गल्ली हसली. पोरगा नाही हसला. टॅबवर बोट फिरवत त्यानं पुढचा प्रश्न विचारला, "त्रासाचं कारण काय? घरात कुणाचा जाच आहे का?"

हसू जिथल्या तिथं थांबलं. कुणीतरी खाकरलं. सगळ्यांच्या नजरा दारात गेल्या, तिथं संगीता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली. तात्यांनी तिच्याकडं बघितलं, मग गल्लीकडं, मग परत तिच्याकडं. बैलाचा दात बघून वय ओळखणारा माणूस. वर्षभर घरात काय चाललंय ते त्याला त्या घडीला कळलं.

सवयीनं त्यांचा हात उपरण्याकडं गेला. पोरगा म्हणाला, "तोंडी सांगा, मला लिहायचंय."

तात्यांनी उपरणं काढून बाजूला ठेवलं.

"लिवा. माझ्या सुनंचा मला काडीचा त्रास न्हाई. लेकीसारखी हाये. ज्यानं कुनी हे उठवलं त्याच्या जिभंला हाड न्हाई. माझा बबन मेला, म्हून जातो मी तिथं."

बबन म्हणजे पेठ गावचा बबन. बाजारात तात्या घेणाऱ्याचे दलाल असले तर तो विकणाऱ्याचा. जन्मभर दोघं एकमेकांशी भाव करत आले. भांडणही उपरण्याखालीच, आणि नंतर चहा एका बशीत. गेल्या साली तो गेला तेव्हा तात्या मातीला जाऊन आले, आंघोळ केली आणि गप्प बसले. आम्हाला वाटलं, संपलं.

"बबन आपले कोण? नातं सांगा," पोरगा म्हणाला. "इथं नातं निवडल्याशिवाय पुढं जात नाही."

"नातंच न्हाई ना, भाऊ! भावकी न्हाई, जात एक न्हाई, सोयरीक न्हाई. सुतक न्हाई. मातीला म्होरं हुभं ऱ्हायाचा मान न्हाई. चाळीस वर्सं त्याचा हात माज्या हातात व्हता." तात्यांनी चारचौघांत आकडा उच्चारला होता आणि त्यांचं त्यांनाही ध्यानात आलं नव्हतं. "बायकू गेली तवा आख्खं गाव माझ्यापाशी बसलं. दोस्त गेला तर मी कुनापाशी बसू? ती म्याडम बसती. म्हून देतो पैसं."

पोरग्यानं टॅब बघितला. त्यात नवरा होता, बायको होती, आई, बाप, मुलगा, मुलगी होती. त्यानं टॅब बंद केला, चहा घेतला आणि वाकून तात्यांच्या पाया पडून गेला.

क्लेमचं म्हणाल तर तो नामंजूर झाला. पण ते नंतरचं.

त्या दिवशी दिवेलागणीला संगीतानं चूल पेटवली नाही. माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, आमच्या घरात सुतक पाळायचं राहून गेलं." आमच्याकडं मयताच्या घरी चूल बंद असते, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात. कडू घास म्हणतात त्याला. बायको काय ते समजली. तिनं परात काढली. शेजारणीही उठल्या, आणि त्यांत त्या दोघीतिघी होत्या, ज्यांच्या तोंडून आम्ही सुनेच्या छळाची बातमी ऐकली होती. पारावरची माणसं येऊन ओट्यावर बसली.

संगीतानं तात्यांपुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "तात्या, बबनकाकांच्या नावानं दोन घास खा."

तात्यांनी भाकरी मोडली. एक घास तोंडात गेला आणि ते हमसून हमसून रडायला लागले, सगळ्या गल्लीदेखत. कुणीही त्यांना गप्प केलं नाही.