मधुभाऊंची खात्री

आमच्या शेजारच्या मधुभाऊंकडे भरिताची वाटी घेऊन गेलं, तरी आधी ओळख पटवावी लागते.

"कोन शे?" आतून आवाज येतो.

"मी, शेजारची अक्का."

"मागच्या खेपेला काय आणलं होतं?"

आता असलं कोण लक्षात ठेवतं? मी आपलं अंदाजानं म्हटलं, "शेवभाजी." दार बंदच. ती कळण्याची भाकरी होती म्हणे. "अरे भाऊ, खिडकीतून तोंड बघ ना माझं," म्हटलं, तर म्हणतात, "चेहऱ्यावर जाऊ नये, अक्का. आजकाल चेहरे बनवता येतात." माझ्यासारखं तोंड कोण कशाला बनवेल, सांगा.

मधुभाऊ इथे धुळ्यात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरांची राखण करतात. चोर कुठून शिरेल ते हुडकायचं, हीच नोकरी. त्यामुळे गल्लीवरही त्यांचा पहारा. हळदीकुंकवालासुद्धा बायकांना बजावून गेले, अनोळखी नंबर उचलायचा नाही म्हणजे नाही. मला विचारलं, "अक्का, पासवर्ड काय ठेवलाय?"

"नातवाचं नाव."

"आजच बदला."

"बारसं होऊन गेलं रे बाबा, आता कसं बदलू?" हसले नाहीत.

परवा कॉलेजातली एक मुलगी आली, मूळची चोपड्याची, मानसशास्त्र शिकणारी. दुसऱ्यांची माहिती सांभाळणारी माणसं स्वतः घरी फोन कसा वापरतात, कशी वागतात, हे ती अशा पुष्कळ जणांना विचारत फिरत होती. मधुभाऊंनी साक्षीला मला बसवलं. तिनं एक विचारलं की हे उलट दोन विचारत. उत्तरं कुठे ठेवणार? नाव लिहिणार का? बिचारीचा चहा निवून गेला.

मग ती म्हणाली, "अनोळखी नंबर उचलता?"

"उचलतो. बठ्ठे, सगळेच."

मुलगी बघतच राहिली. "सर, पण तुम्हीच तर लोकांना..."

"लोकांचं वेगळं शे."

का वेगळं, ते मला ठाऊक. त्यांच्या मुलाचा, नीलेशचा फोन यांनी एकदा लपून तपासला होता. काळजीपोटीच, पण पोराला कळलं. "चोर तर घरातच आहे, बाबा," एवढं बोलून तो निघून गेला. नंबर बदलला, नवा कोणाला दिला नाही. आई तर केव्हाच गेली त्याची. कधी करावासा वाटला फोन, तर बापालाच करेल, आणि तो अनोळखी नंबरच असेल ना?

तेवढ्यात मधुभाऊंचा फोन वाजला. नाव आलं नाही, नुसते आकडे. मधुभाऊ उठून उभे राहिले.

"बोल," म्हणाले, अगदी हळू.

पलीकडे विमा विकणारा कोणी तरुण होता. इकडे आम्हालाही ऐकू येत होतं. मधुभाऊंनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही.

"नको रे बाबा, विमा नको," ते म्हणाले. "जेवलास का?"

"अजून नाही, सर."

"मग जेवून घे आधी."

त्यानं फोन ठेवला, तरी मधुभाऊ तो कानाला लावून तसेच उभे होते.