आडवं पडून तेलुगू

तीन महिन्यांत मी तेलुगू शिकणार, आणि तेही आडवं पडून, असं मी पेडगावच्या पारावर जाहीर केलं तेव्हा कुणीही हसलं नाही. आडवं पडण्यातली माझी तयारी गावाला ठाऊक होती. शंका होती ती फक्त तेलुगूबद्दल.

भाषेची हौस मला नव्हती. भाग पडलं म्हणून शिकायची होती. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आण्णा आणि आई हा आमच्या घरचा अख्खा कोयता. मी बिनलग्नाचा, म्हणून अर्धा. आण्णांची थोरली बहीण बायनाआत्या विधवा, म्हणून तीही अर्धी. दोन अर्धे जोडून मुकादमानं आमचा एक कोयता केला होता. मी ऊस तोडायचा, आत्यानं मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायची. गेल्या हंगामात त्या फळीवर तिचा उजवा गुडघा जो वाजायला लागला, तो आजपर्यंत गप्प बसलेला नाही. आत्या त्याबद्दल काही बोलली नाही. मीच एकदा, कुणी विचारलेलं नसताना, तिला सांगून बसलो की येत्या दसऱ्यानंतर तुला फळीवर चढू देणार नाही.

"बरं," आत्या म्हणाली. उद्या आभाळ येईल असं कुणी सांगितल्यावर म्हणावं, तसं.

शब्द देऊन झाला होता. आता नोकरी शोधणं आलं. ती बजरंगनं शोधली. बजरंग आमच्याच गल्लीतला, हळदीचा ट्रक घेऊन निजामाबादला जातो. तिथल्या लिंगय्या शेठच्या वखारीत चाळीस बायका हळद निवडतात, सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या; आणि हळद येते आपल्या भागातून, मराठी बोलत. दोघांच्या मध्ये बसायला शेठला माणूस हवा होता. काम खुर्चीवरचं. मागे राहायला खोली. बजरंगनं फोन जोडून दिला. मला हिंदी चांगली येते, असं मी शेठला सांगितलं.

"हिंदी सबकूच आती रे," शेठ म्हणाला. "मेरेकू तेलुगू होना. दसरे के पैले आके दिखा."

मी फोनवर शोध घेतला. एक गोरागोमटा माणूस सापडला. त्याचं म्हणणं असं, की व्याकरण पाठ करणं हा भाषेवरचा अत्याचार आहे. शब्द घोकू नका, बोलायची घाई करू नका. अंग सैल सोडा, डोळे मिटा आणि त्या भाषेतल्या गोष्टी ऐकत राहा. भाषा आपोआप आत मुरते. चोवीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या अंगच्या गुणांना इतका मान कोणत्याही शिक्षकानं दिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की गोठ्याशेजारच्या सपरात मी बाज टाकायचो, फोन उशाशी ठेवायचो आणि अंग सैल सोडायचो. फोनवर एक तेलुगू म्हातारी गोष्टी सांगायची. गोष्ट सुरू करताना ती 'अनगनगा' म्हणायची, म्हणजे आपलं 'एक होतं आटपाट नगर'. आवाज मंद, दूध उतू जाण्याआधी गॅस बारीक करावा तसा. पहिल्या दिवशी तिसऱ्या वाक्याला माझं अंग इतकं सैल झालं, की आईनं चहाला उठवलं तेव्हा मला माझं गाव कोणतं हेही आठवेना. पद्धत लागू पडतेय, असं मी वहीत लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी आत्या सपरात तुरी निवडायला येऊन बसली. म्हातारीनं गोष्ट सुरू केली, दोन वाक्यं बोलली आणि दम घ्यायला थांबली.

"हूं," आत्या म्हणाली.

मी डोळे उघडले. "आत्या, ती फोनमधी हाय. तिला ऐकू येत न्हाई."

"तिला येऊ नाहीतर न येऊ. बाई एवढी जीव लावून सांगायलीय अन् कुणी हुंकार देईना. असं गोष्टीला उघडं टाकत्येत व्हय?"

आमच्याकडे हा नियम आहे. गोष्ट सांगणाऱ्यासमोर एक तरी माणूस हुंकार द्यायला लागतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, आणि गोष्ट तिथंच अडकून राहते. कुणाच्या दारात पाहुणा ताटकळत ठेवावा, तसं ते दिसतं. म्हातारी तेलुगू असली तरी पाहुणी होती. मी म्हटलं, तू दे हुंकार, मी अंग सैल सोडतो. अशी आमची कामाची वाटणी झाली. कोयत्यात होती तशीच.

त्यानंतर माझा अभ्यास जोरात झाला. नव्वद दुपारी मी एकही खाडा केला नाही. आण्णा दोन-तीनदा येऊन बाजेजवळ उभे राहिले.

"शिकायलास का झोपायलास?"

"मुरायलंय, आण्णा," मी डोळे न उघडता सांगायचो. "लोणचं हलवत न्हाईत."

आण्णा आत्याकडे बघायचे. आत्या तुरीतला खडा काढून बाजूला टाकायची आणि फोनला हूं म्हणायची.

हळूहळू काही गोष्टी माझ्या कानावर येत होत्या. पण त्यांचा अर्थ मी लावला नाही, हे इथं कबूल करायला हवं. आत्या हूं म्हणायची थांबली आणि 'तरवात?' म्हणायला लागली. तरवात म्हणजे 'मग पुढे?'. झोपेच्या कडेवर मला वाटायचं, म्हातारीच स्वतःला विचारतेय. एकदा जाग आली तर आत्या फोनवर रागावलेली. वाघाच्या घरी सून म्हणून दिलेल्या पोरीची गोष्ट चालली होती, असं तिनं सांगितलं. पोरीच्या बापाचं वागणं आत्याला पटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच गोष्ट ती पाणंदीनं जाताना बायकांना सांगत होती. मला वाटलं, आत्या मनानं रचतेय. वय झालं की होतं असं.

"त्या सुनेचं शेवटी काय झालं?" मी एकदा विचारलं.

"तूच ऐकायलास ना रं बाजेवर?" आत्या म्हणाली.

मी विषय बदलला.

दसरा आठ दिवसांवर आला. माझ्यापेक्षा बजरंगला घाई. त्यानं गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लावून टाकला: निजामाबाद येथे निवड झाल्याबद्दल महारुद्र यांचे हार्दिक अभिनंदन. वर माझा काळा चष्मा लावलेला, कानाला फोन धरलेला फोटो. निवड अजून व्हायची आहे, असं मी म्हटलं. बजरंग म्हणाला, नंतर छपाईवाल्याकडे गर्दी असते. मुकादमाची जीप फाट्यावर थांबली. त्यानं फ्लेक्स नीट वाचला आणि आमचा जोडीचा कोयता टोळीतून काढून टाकला. आता मागे रस्ता नव्हता.

आत्या म्हणाली, मीबी येते. तिच्या पिशवीत भाकरी, तिळाची चटणी आणि एक चोळीचा खण. खण कुणाला, असं विचारलं. फोनवरच्या म्हातारीला. त्या अंगालाच कुठं तरी राहत असेल, विचारत गेलं तर घर सापडेल, आणि तीन महिने जिच्या गोष्टी फुकट ऐकल्या तिच्या मुलखात रिकाम्या हातानं कसं जायचं, असं आत्याचं म्हणणं. मी तिला समजावून सांगणार होतो, पण मला माझ्या मुलाखतीची तयारी करायची होती. अंग सैल सोडायचं होतं.

परभणीहून आम्ही रेल्वेत बसलो. धर्माबादपर्यंत मी टक्क जागा होतो. बासरला शेजारच्या बाकावर एक तेलुगू कुटुंब येऊन बसलं आणि त्यातल्या आजोबांनी नातीला काही तरी सांगायला सुरुवात केली. त्यापुढचं मला आठवतं ते एवढंच, की आत्या माझा दंड हलवत होती आणि गाडी निजामाबादला उभी होती.

"तुला कसं कळलं इथं उतरायचं?"

"इचारलं त्या आजोबाला."

"कोणत्या भाषेत?"

"तोंडानं," आत्या म्हणाली आणि पिशवी उचलली.

वखारीत लिंगय्या शेठ गादीवर बसला होता. फाटकापाशी बजरंगचा ट्रक रिकामा होत होता. शेठनं मला विचारलं, सीखा? मी म्हटलं, सीखा. कैसा सीखा? सुनके सीखा. शेठला ते आवडलं. त्यानं बायकांच्या मुकादमीणबाईला हाक मारली. लच्चम्मा तिचं नाव. साठीची, केस पांढरे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शेठ तिला म्हणाला, याच्याशी बोलून बघ. मला तिनं हळदीच्या पोत्यावर बसवलं, आणि बोलायला लागली.

आवाज अगदी फोनवरच्या म्हातारीसारखा.

पहिल्या वाक्याला माझे खांदे उतरले. दुसऱ्या वाक्याला पाय लांब झाले. मला कळत होतं की हे ठीक चाललेलं नाही. आत्याचा गुडघा डोळ्यांसमोर आणला, फळी आणली, फ्लेक्स आणला. पण नव्वद दुपारी मी माझ्या देहाला एकच गोष्ट शिकवली होती: कानावर तेलुगू पडली की झोपायचं. देहानं धडा चोख पाठ केला होता. तिसऱ्या वाक्याला मी पोत्यावर आडवा झालो.

इथून पुढचं बजरंगनं सांगितलेलं.

मला भोवळ आली असं समजून लच्चम्मा ओरडली. बायका पाणी घेऊन धावल्या. शेठ उठून आला.

"कायकू सोरा ये?"

तेव्हा आत्या पुढं झाली, गुडघा लांब करून खाली बसली आणि लच्चम्माला तेलुगूत म्हणाली की घाबरू नका, तो गोष्ट ऐकतोय. बजरंगच्या हातातला हिशोबाचा कागद खाली पडला. लच्चम्मानं विचारलं, कोणती गोष्ट? आत्यानं समोरच्या ढिगातली हळद उगाच बसायचं नाही म्हणून निवडायला घेतली आणि 'अनगनगा' म्हणून वाघाच्या सुनेची गोष्ट सुरू केली. आत्या थांबली की लच्चम्मा 'ऊं' म्हणायची. नियम त्यांच्याकडेही तोच. थोड्या वेळानं चाळीस बायका 'ऊं' म्हणत होत्या आणि आत्याचं बघून चाळीसांचे हात हळदीत चालत होते. शेठ आधी काम थांबलं म्हणून रागावायला आला होता. ढीग उतरताना दिसला तेव्हा तो पोत्याला टेकला. पुढं पुढं तोही 'ऊं' म्हणायला लागला.

मला जाग आली ती हसण्याच्या आवाजानं. गोष्ट नुकतीच संपली होती. माझी डावी बाजू कपाळापासून कमरेपर्यंत पिवळी झालेली, लग्नाच्या अर्ध्या हळदीत मांडव मोडावा तशी. आत्या शेठशी बोलत होती. गोष्टीतून शिकलेली भाषा. त्यामुळं ती शेठला हर वाक्याला 'राजा' म्हणत होती. शेठनं ते एकदाही दुरुस्त केलं नाही.

"अम्माकू रख लेतूं मैं," शेठ म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. "इसका क्या?"

आत्याला फळीवरून उतरवायला निघालो होतो, ती स्वतःच उतरली होती. मी तेवढा राहिलो होतो. टोळीनंही काढलेला आणि वखारीच्याही कामाचा नसलेला.

"तो माझी जोडी हाय," आत्या वखारीत पहिल्यांदाच मराठीत म्हणाली. "दोन अर्धे मिळून एक असतंय. एकटी मी अर्धी. अर्ध्या माणसाला ठिवून घिऊन काय करताव?"

बजरंगनं शेठला याचं हिंदी करून सांगितलं. शेठनं बराच विचार केला. राखणदार म्हणून मला ठेवता येणार नव्हतं. चोर तेलुगू बोलले तर पंचाईत. शेवटी फाटकाबाहेर, जिथं बायकांचा आवाज पोचत नाही अशा जागी, पोत्यांची तोंडं शिवायचं काम मला मिळालं.

फोनवरच्या म्हातारीचं घर लच्चम्मालाही माहीत नव्हतं. आत्यानं चोळीचा खण तिलाच दिला.

गावाकडे बजरंगनं फ्लेक्स वाया जाऊ दिला नाही. आधारकार्डावरचा आत्याचा फोटो मोठा करून त्यानं माझ्या तोंडावर चिकटवला. बाकीचं अंग माझंच ठेवलं. आण्णा टोळीबरोबर निघाले तेव्हा ते त्या फ्लेक्सखाली थोडा वेळ थांबले होते म्हणे. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "आक्का खुर्चीवर बसतीया का?" बसतीया म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

आता दुपारच्या सुट्टीत खोलीत मी भाकरी थापतो आणि आत्या खुर्चीत बसून मला वाघाच्या सुनेची गोष्ट तेलुगूत सांगते. हुंकार मीच द्यायचा, असा तिचा दम आहे. काल मी चौथ्या वाक्यापर्यंत जागा होतो. सून अजून वाघाच्या दारात पोचायचीय आणि तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

आत्या म्हणते, मुरायलंय.