कौशल्याबाईची मालिश

"यंदा माझी सून उसाला जात न्हाई म्हंजे न्हाई!"

धारूरच्या घाटाखालच्या त्या गावात कौशल्याबाईनं हे उन्हाळाभर सांगितलं. पारावर सांगितलं, गिरणीवर सांगितलं, शेळ्यांनासुद्धा सांगितलं असेल!

कारणही तसंच होतं. गावचे पुढारी सुंदरराव यांनी डोंगरावर 'निरामय धाम' काढलं होतं. आठ झोपड्या, तेलाची मालिश, मातीचा लेप. शहरातली दमलेली माणसं येणार, ताजीतवानी होऊन जाणार आणि गावाला बारमाही काम मिळणार! बारा सुनांना मालिश शिकवून झाली. त्यात कौशल्याबाईची रोहिणी पहिली आली.

पण पाहुण्यांचा हंगाम थंडीत. आणि ऊसतोडीचा? तोही थंडीतच! एवढी साधी गोष्ट सुंदररावांच्या डोक्यात आली नव्हती. दसरा झाला, धामाला कुलूप तसंच, आणि मुकादमाचा ट्रॅक्टर मात्र दारात हजर. तीन महिन्यांची पोटुशी रोहिणी नवऱ्यामागं ट्रॉलीत चढली. कौशल्याबाई तोंडात पदर कोंबून रडली.

डिसेंबरात सुंदरराव धापा टाकत आले.

"कौशल्याबाई, उद्या विद्यापीठाच्या मॅडम येतायत! आरोग्य पर्यटन आन् शाश्वत विकास, यावर संशोधन हाय त्यांचं. अहवाल चांगला गेला का सरकारी योजना पास! बारा बाया दाखवायच्यात."

"बाया हायत कुठं? गावात आमी म्हाताऱ्या आन् कुत्री!"

"म्हाताऱ्या चालतील."

"योजना पास झाली तर माझी रोहिणी माघारी आणाल?"

"दुसऱ्याच दिवशी! फक्त गाव उसाला गेलंय हे बोलू नका, लई वाईट दिसतं. इचारलं तर म्हणायचं, समद्यांना काम हाय."

दुसऱ्या दिवशी सुनांच्या मापाचे हिरवे झगे घालून बारा म्हाताऱ्या रांगेत उभ्या! बायनाबाईनं तर तो लुगड्यावरूनच चढवला. एक बाही खांद्यात अडकली ती संध्याकाळपर्यंत तशीच.

प्रियदर्शनी मॅडम मालिशीच्या टेबलावर पालथ्या झोपल्या. कौशल्याबाईनं हाताला तेल लावलं. तीस हंगाम कोयता धरलेला हात तो! पहिलाच हात फिरला आणि मॅडम किंचाळल्या, "आई गं!"

"खोल मालिश हाय मॅडम!" दाराबाहेरून सुंदरराव ओरडले. "पार दुखण्याच्या मुळापर्यंत जाती!"

दुसरा हात फिरवायला कौशल्याबाई वाकली, आणि आता तीच ओरडली, "आई गं!" कंबर जी धरली ती सुटेचना! वर होता येईना, खाली बसता येईना.

मॅडम झटकन उठल्या, अंगावर झगा ओढला, म्हातारीला टेबलावर निजवलं आणि स्वतः तिची कंबर चोळायला लागल्या.

"कुठं दुखतं, आजी?"

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मेलीला रडूच आलं.

"तुमच्या घरातली तरुण माणसं कुठं आहेत? त्यांना नको का इथलं काम?" मॅडमनी विचारलं.

रोहिणीचं नाव अगदी ओठावर आलं. तेवढ्यात दाराच्या फटीतून सुंदररावांचा वटारलेला डोळा दिसला. बोलले तर योजना जाईल, आणि योजना गेली तर सून कशी येईल?

"समद्यांना काम हाय, बाई," कौशल्याबाई म्हणाली. "कुणी रिकामं न्हाई."

मॅडमबरोबर आलेल्या सहायकानं दारातून टेबलावरच्या म्हातारीचा खट्‌कन फोटो काढला.

गुढीपाडव्याला अहवाल आला. योजना पास! सुंदररावांनी कौशल्याबाईच्या ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं. "गावात बेरोजगारी आढळली नाही. स्थानिक तरुणांनी या कामाची मागणी केलेली नाही. सबब, कर्मचारी बाहेरून आणावेत."

"म्हंजे?"

"म्हंजे बारा पोरी बाहेरून येतायत. आता सरकारी कागदापुढं मी काय करू?" असं म्हणून अहवाल ओट्यावरच टाकून ते पेढे वाटायला पुढं गेले.

त्याच दुपारी नऊ महिन्यांचं पोट सावरत रोहिणी ट्रॉलीतून उतरली. पाच महिने तसल्या पोटानं मोळ्या वाहिल्या होत्या. ओट्यावरचा अहवाल तिनं उचलला. वरच्याच फोटोत टेबलावर पसरलेली सासू, आणि खाली छापलेलं, 'समाधानी स्थानिक महिला'.

"आत्या! तुमी तर लई मजेत!" रोहिणी म्हणाली. "मग मला कावून न्हाई बोलावलं?"

कौशल्याबाईनं पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. सुनेकडं काही तिला बघवलं नाही.

"तुला काम हुतं ना, बाई."