सहाव्या प्रभागाची चौकट

वाळवंड्याच्या सहाव्या प्रभागातून निवडणुकीला उभं राहायचं तर आधी बाजारपेठेतल्या सागवानी चौकटीतून पार व्हावं लागे, आणि समलिंगी माणसांबद्दल उमेदवार आयुष्यात जेवढं वाईटसाईट बोलला असेल, तेवढी ती चौकट त्याच्यासाठी अरुंद होई. तिला भिंत नव्हती, नुसतीच उभी होती. नगरपंचायतीने ती रीतसर मंजूर केली होती आणि तिची देखभाल 'सोबत' मंडळाकडे सोपवली होती. मंडळाचे अध्यक्ष विश्राम आजगावकर यांचा फोटो स्टुडिओ चौकटीच्या अगदी समोर होता.

गेल्या दोन निवडणुकांत कुणीच पार झालं नव्हतं. एकजण कॉलेजात केलेल्या टिंगलीपायी अडकला, दुसरा घरात ऐकलेली शिवी एकदा तोंडातून गेली म्हणून. मंडळाला या कडकपणाचा अभिमान होता. प्रभागाची खुर्ची मात्र रिकामी राहिली. शिपाई सभेत तिच्यापुढेही चहा ठेवी, आणि नियमानुसार तिचं मत 'आहे तसंच राहू द्यावं' या बाजूला धरलं जाई.

त्याच एका मताने दवाखान्याचा ठराव पडला. नगरपंचायतीच्या दवाखान्यात रुग्णाजवळ फक्त रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातलं माणूस बसू शके. रुग्ण ज्याला आपलं म्हणेल त्यालाही बसू द्यावं, एवढंच ठरावात होतं. विश्रामना तेव्हा त्याची फारशी रुखरुख वाटली नाही. पुढे इनास डिसोझा, ज्यांच्याबरोबर त्यांनी तरुणपणापासून संसार केला होता, हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात पडले. विश्राम बाहेरच्या पायऱ्यांवर बसून राहिले. आत इनासच्या उशाशी चुलतभाऊ होता, ज्याच्याशी इनास कित्येक वर्षांत एक शब्दही बोलले नव्हते. इनास घरी आले, पण पुन्हा यावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

यंदा दोघं उभे राहायला आले. दत्ताराम केरकर छाती पुढे काढून चौकटीतून गेले. तिने त्यांच्यासाठी कूसही बदलली नाही, कारण या विषयावर ते जन्मात कधी काही बोलले नव्हते. विश्रामनी त्यांना दवाखान्याच्या ठरावाबद्दल विचारलं, तेव्हा पक्ष सांगेल तसं बघू, म्हणाले.

दुसऱ्या मंदाकिनी तुळसकर, गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या समोर येताच चौकट करकरली आणि वीतभर उरली. पूर्वी एका सभेत 'असल्यांना भाड्याने खोली देऊ नका' असं त्या म्हणाल्या होत्या. ते बोलणं चुकलं, असं आता त्या कबूल करत. पण गेल्या साली घरातून हाकललेल्या दोन मुलींना त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, आणि दारात जमलेल्या नातेवाइकांना परत पाठवलं होतं. दवाखान्याच्या ठरावाला आपण मत देऊ, असं त्यांनी सांगितलं. दोन पुरुषांच्या लग्नाला नगरपंचायतीचं सभागृह द्यावं, हे मात्र त्यांना पटत नव्हतं, आणि तेही त्यांनी तोंडावर सांगितलं.

चौकट तासायचा अधिकार मंडळाला होता. पूर्वी कुणी तो वापरला नव्हता. रंधा मारताना उमेदवाराने केलेलं चांगलं काम मोठ्याने बोलायचं. ते खरं असेल तरच लाकूड सुटे.

मंडळाच्या बैठकीत सभासद नीलांबरी परब उठली. तिने आठवण करून दिली, की मंदाकिनीबाईंच्या त्या भाषणानंतर घरमालकाने तिचं सामान रस्त्यावर टाकलं होतं. ती रात्र तिने बसस्टँडवर काढली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. विश्रामना वर बघवेना. चौकट आहे तशी ठेवावी, असं बहुतेकांना वाटत होतं. केरकर निदान वाकडं तरी बोलले नव्हते.

"केरकरांनी माझ्यासाठी दारही उघडलं नसतं," नीलांबरी म्हणाली. "बाईंना मी माफ करणार नाही. मत देईन."

बैठकीने मग तासायला होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी विश्रामनी रंधा घेतला. आयुष्यभर कॅमेरा धरलेल्या हातांना तो जड जात होता. "दोन मुलींना घरात घेतलं," ते म्हणाले, आणि लांबलचक छिलका निघाला. "त्यांच्या घरच्यांपुढे उभ्या राहिल्या." आणखी एक निघाला. "दवाखान्याच्या ठरावाला मत देणार आहेत." रंधा नुसताच घसरला. ते अजून घडलं नव्हतं. "खोलीबद्दल मी बोलले ते चुकलं, असं त्या म्हणाल्या." धूळ तेवढी उडाली; ते खरं होतं, पण नुसते शब्द होते. गर्दीतून कुणी सुचवलं, की बाई मनाने चांगल्या आहेत असं म्हणून बघा. विश्रामनी नकार दिला. मनाचं आपल्याला काय माहीत, ते म्हणाले.

मग बाई आडव्या होऊन शिरल्या. खांदा सोलवटला, ब्लाउजची बाही फाटली, पण पार झाल्या. महिन्याभराने थोड्या मतांनी निवडूनही आल्या.

पहिल्याच सभेत दवाखान्याचा ठराव एका मताने मंजूर झाला. त्यानंतर लगेच सभागृहाचा ठराव आला. बाईंनी विरोधात हात वर केला आणि ठराव पडला. प्रेक्षकांत बसलेली नीलांबरी उठून निघून गेली.

थंडीत इनास पुन्हा दवाखान्यात गेले. या वेळी विश्राम खाटेशेजारी स्टुलावर बसले. सिस्टरने त्यांना औषधांच्या वेळा समजावून सांगितल्या, जशा कुठल्याही घरच्या माणसाला सांगतात. इनास झोपेत असले तरी विश्राम त्यांचा हात सोडत नव्हते.

एका दुपारी मंदाकिनीबाई मोसंबी घेऊन आल्या. खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसून त्या ती सोलू लागल्या. इनासनी एक फोड खाल्ली आणि सभागृहाबद्दल बाईंचं काय चुकलं ते सावकाश, दम खात सांगितलं. मध्ये त्यांना धाप लागली, तेव्हा विश्रामनी थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मला अजून पटत नाही," त्या म्हणाल्या.

"मग उद्या या," इनास म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या.