दर्यातील दंतमोहिमेची हकिकत

॥ श्री ॥ दर्यास वंदन, वाऱ्यास मुजरा आणि होडी हाकणारास दंडवत करून जे डोळ्यांदेखत घडले ते लिहिले असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरे, माघी पौर्णिमा, मंदवार, ते दिवशी श्रीमंत भालचंद्रराव, वय चौऱ्याहत्तर, कुटुंब द्वारकाबाई, लेक, सून, नातवंडे ऐशी फौज घेऊन बेटावर उतरले. आणि प्रथम डॉल्फिनावर चालून गेले, ते भेटीस न आले; मग छत्रीस लटकून आकाशी जावे तो सूनबाईंनी मोडता घातला; मग केळ्याच्या आकाराची रबरी नौका, तीस बनाना म्हणतात, तीवर श्रीमंत लेक-नातवंडांसह, अंगी तरते जाकीट बांधून आरूढ जाहले. या नौकेची चाल ऐसी की यंत्रहोडीने ओढावी आणि किनाऱ्यानजीक गर्रकन वळवून स्वारांस मुद्दाम पाण्यात पाडावे, यातच मौज. श्रीमंतांस हे कोणी सांगितले नव्हते. दर्यासारंग मोतीराम याने होडी वळविली, श्रीमंतांनी "अरे मेलो!" म्हणून मुख उघडले, आणि खालची-वरची कवळी दर्यार्पण जाहली.

मग सारे हसत बाहेर आले आणि श्रीमंत मात्र गळाभर पाण्यात, मुखावर हात ठेवून उभे. कारण ऐसे की कवळी बसवून अकरा वर्षे जाहली, परंतु बोळके तोंड कुटुंबास कधी दाखविले नव्हते. दिवा मालवून कवळी काढीत आणि उजाडण्याआधी लावीत. आणि द्वारकाबाई तो किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभ्या! मोतीरामाने पाणबुडे सोडले, त्यांनी एक चप्पल व दोन गॉगल जिंकून आणिले, दात नाहीत. तेव्हां वाळूत तिसऱ्या नामे शिंपले वेचणारी आवडाबाय बोलली, "मेल्यांनो, कित्याक बुडतास? ओहोटी लागांदे. टाचेन हुडकून देतंय." मसलत सर्वांस मानवली. आणि ओहोटी लागली आणि पाणी छातीस आले. मग श्रीमंत मागे सरले. मग पाणी कमरेस आले, आणखी सरले. ऐसे जो जो समुद्र माघार घेई तो तो श्रीमंतही माघार घेत धोक्याच्या लाल बावट्यापलीकडे चालले. मोतीराम ओरडला, "आजोबांनू, मागे खोल आसा! जाकीट बुडाक देवचा नाय, पण पाणी ओढून अरबस्तानात न्हेतला!" श्रीमंतांनी मान हलविली, हात न काढिला.

मग द्वारकाबाईंनी टॉवेल सुनेच्या अंगावर टाकिला, पातळ खोचले आणि दर्यात शिरल्या. जवळ जाऊन बोलिल्या, "अहो, पुरे झालं. ती दातांची वाटी रोज घासतं कोण?"

श्रीमंत हाताआडून बोलिले, "तुला ठाऊक होतं?"

"अकरा वर्षं. झोपेत तोंड सताड उघडं असतं. घोरता ते निराळंच."

तेव्हां श्रीमंतांनी हात काढिला. बाईंनी नीट पाहिले आणि ऐशा हसल्या की लाटेने खाली बसविल्या. मग त्यांस उठविता उठविता श्रीमंतही सर्व फौजेदेखत हसले, आणि एकमेकांस धरून दोघे बाहेर आली.

एकंदर मोहिमेत पाण्यात पडले सहा, बुडाले कोणी नाही. दात सायंकाळी आवडाबायच्या टाचेस लागले. श्रीमंतांचा संकोच गेला, तो मात्र कोणी हुडकिला नाही. इति.